स्नेप कोणाचा माणूस होता, हे आधी ओळखता आलं असतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: हॅरी पॉटर मालिकेचा सहावा भाग १६ जुलै २००५ ला आला आणि सातवा २१ जुलै २००७ ला. मधल्या दोन वर्षांत प्रोफेसर स्नेप नक्की कोणाच्या बाजूचा, यावरून वाचकांनी एकमेकांची डोकी खाल्ली. शेवटी एका गटाचं म्हणणं खरं निघालं. ते पुस्तकातल्या पुराव्यांवरून आधी ठरवता येण्यासारखं होतं, की त्या लोकांचा नुसता मटका लागला?

मी गेली वीस-बावीस वर्षं कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखितं तपासते. लेखकाने काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं टाळलंय, हे शोधण्यात माझा बराचसा दिवस जातो. त्या ७३५ दिवसांत मीही एक वही घालून बसले होते. डावीकडच्या पानावर स्नेपच्या बाजूचे मुद्दे, उजवीकडे विरुद्ध. त्यामुळे हे उत्तर थोडं कामाचं आणि थोडं जुन्या हौसेचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. स्नेपची निष्ठा कोणाकडे आहे, हे सहाव्या भागाअखेर बऱ्यापैकी खात्रीने सांगता येत होतं. ती का आहे, हे अर्धंमुर्धं सांगता येत होतं. आणि तो माणूस चांगला की वाईट, हे सातवा भाग वाचूनही सांगता येत नाही. गोंधळ झाला तो हे तीन प्रश्न एकच आहेत असं समजून आपण भांडत राहिलो म्हणून. सातही भाग वाचले नसतील तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलेलं आहे.

परिस्थिती आठवा. स्नेप एकेकाळचा डेथ ईटर, म्हणजे मालिकेतला खलनायक व्होल्डेमॉर्ट याचा अनुयायी. मग तो जादूच्या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांच्याकडे आला आणि त्यांचा हेर झाला. चौथ्या भागाच्या शेवटी व्होल्डेमॉर्ट परत आल्यावर त्याची दोन्हीकडे ये-जा सुरू झाली, आणि दोन्ही धन्यांना तो आपलाच वाटत राहिला. सहाव्या भागाच्या २७व्या प्रकरणात, मनोऱ्यावर, हातात छडी नसलेल्या आणि उभंही राहता न येणाऱ्या डम्बलडोरना तो ठार मारतो. हॅरी हे सगळं अदृश्य करणाऱ्या झग्याखाली, मंत्राने थिजलेला, बघत असतो. त्यानंतर थेट दोन वर्षं शांतता.

इंग्रजीतल्या चर्चांमध्ये या गटांना आद्याक्षरांची नावं पडली होती. ‘डीडीएम’ स्नेप म्हणजे डम्बलडोरचा माणूस. ‘ईएसई’ म्हणजे पक्का, आतबाहेर दुष्ट. ‘ओएफएच’ म्हणजे ना याचा ना त्याचा, फक्त स्वतःचा. आपण ज्याला दोन्ही डगरींवर हात ठेवणारा म्हणतो तो. २००७ मध्ये तर बॉर्डर्स या अमेरिकी पुस्तकविक्रेत्या कंपनीने दोन प्रकारचे स्टिकर वाटले होते, एकावर ‘स्नेपवर विश्वास ठेवा’, दुसऱ्यावर ‘स्नेप फार वाईट माणूस आहे’. ओएफएचवाल्यांसाठी स्टिकर नव्हता. मी त्यातली होते, म्हणून ते लक्षात राहिलं.

प्रश्नांची सरमिसळ कशी होते, याचा सगळ्यात बोलका नमुना ऑगस्ट २००६ मधला आहे. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये मालिकेच्या लेखिका जे. के. रोलिंग यांचा कार्यक्रम होता. श्रोत्यांमधून सलमान रश्दी उठले, मुलगा बरोबर होता. त्यांचा तर्क साधारण असा होता: स्नेप चांगला आहे, आणि तो चांगला असेल तर त्याने डम्बलडोरना मारलेलं असणं शक्य नाही, म्हणजे मनोऱ्यावर झालं ते नाटक, डम्बलडोर जिवंत आहेत. रोलिंग यांनी मत बरोबर आहे असं काहीसं म्हटलं, पण लगेच पुस्ती जोडली की डम्बलडोर नक्की मेलेले आहेत.

म्हणजे गृहीतक बरोबर आणि निष्कर्ष चूक. का? मधली पायरी पोकळ होती म्हणून. ‘निष्ठावान माणूस आपल्या धन्याला मारणार नाही’ हे वाक्य आपण तपासायलाच घेत नाही. धन्यानेच मारायला सांगितलं असेल तर? रश्दींसारखा कथेच्या सगळ्या खोड्या माहीत असलेला लेखक तिथे घसरला, तर आपली काय कथा.

नाटकाचा तर्क मुळात पुस्तकातच मोडला होता. डम्बलडोरनी हॅरीला मंत्राने थिजवलं होतं आणि ते कोसळल्यावर तो मंत्र सुटला. मंत्र घालणाराच उरला नाही म्हणून तो सुटला, हे हॅरीला तिथल्या तिथे कळतं. एवढ्या एका गोष्टीपुढे ‘मृतदेह बदलला असेल’ वगैरे सगळं बोलाचाच भात होतं. स्नेप रक्तपिपासू व्हॅम्पायर आहे, हा असाच एक लाडका तर्क: वटवाघळासारखा झगा, फिकट चेहरा, तळघरातला वावर. मजेचा होता, पण त्याने कुठलाच प्रश्न सुटत नव्हता. जो तर्क फक्त वर्णनाला चिकटतो आणि घटनेला हातही लावत नाही, तो मी वहीत घेत नसे.

आता कामाच्या गोष्टीकडे येते.

मालिका तृतीय पुरुषात लिहिलेली असली तरी आपण जवळजवळ सगळा वेळ हॅरीच्या खांद्यावरून बघतो. काही भागांची सुरुवातीची प्रकरणं वगळली तर बाकी सगळं त्याच्या कानांनी आणि त्याच्या रागाने येतं. म्हणजे ‘स्नेप कुत्सित हसला’ यात हसणं स्नेपचं आहे, कुत्सित हे हॅरीचं असू शकतं. पहिला भाग या एकाच युक्तीवर उभा आहे. सामन्यात हॅरीच्या झाडूवर डोळे रोखून पुटपुटणारा स्नेप आपल्याला शाप देताना दिसतो, प्रत्यक्षात तो उलटा मंत्र म्हणत हॅरीला वाचवत असतो आणि शाप देणारा क्विरल हा दुसराच शिक्षक निघतो. ईएसईवाले म्हणायचे, लेखिकेने एकदा ही चाल खेळून झाली, तीच परत कशी खेळेल? मला उलट वाटतं. पहिल्या भागात ही चाल मुलांच्या रहस्यकथेच्या मापाने खेळली गेली, सहाव्यात शोकांतिकेच्या मापाने. चांगले लेखक स्वतःची युक्ती परत वापरतात, फक्त पणाला लावलेली रक्कम वाढवतात.

पण दृष्टिकोनापेक्षाही मला ज्याचं महत्त्व वाटतं, ते म्हणजे अडवलेली उत्तरं. हस्तलिखितात कोणी नेमका प्रश्न विचारला आणि उत्तराच्या जागी दार वाजलं, की मी समासात खूण करते. लेखकाला इथे उत्तर माहीत आहे आणि ते द्यायचं नाही, असा त्याचा अर्थ असतो. या मालिकेत स्नेपभोवती अशी दारं सारखी वाजतात. पाचव्या भागात मन बंद करण्याच्या शिकवणीत हॅरी स्नेपला विचारतो: तुम्ही व्होल्डेमॉर्टला ‘डार्क लॉर्ड’ का म्हणता? असं फक्त डेथ ईटर म्हणतात. अगदी वकिली प्रश्न. स्नेप खेकसायला तोंड उघडतो आणि बाहेर एक बाई किंचाळते. ट्रेलॉनीबाई या शिक्षिकेची नोकरी गेलेली असते, सगळे तिकडे धावतात. तो प्रश्न तिथेच लोंबकळत राहतो.

चौथ्या भागात हॅरी थेट डम्बलडोरना विचारतो, स्नेप खरंच बदलला हे तुम्हाला कशावरून वाटलं? उत्तर येतं, ते प्रोफेसर स्नेप आणि माझ्यामधलं आहे. सहाव्या भागात तोच प्रश्न पुन्हा येतो. तोवर डम्बलडोरनी एक कारण देऊन झालेलं असतं: स्नेपने भविष्यवाणी व्होल्डेमॉर्टच्या कानावर घातली, त्यापायी हॅरीचे आईवडील मेले, आणि त्याचा त्याला आयुष्यभराचा पस्तावा आहे. हॅरीला ते पटत नाही, तो परत विचारतो. यावर डम्बलडोर क्षणभर गप्प राहतात, जणू काही ठरवत असल्यासारखे. मग म्हणतात, माझा सेव्हरसवर पूर्ण विश्वास आहे.

तो क्षणभराचा थांबा हा माझ्या मते सहा भागांतला सगळ्यात वजनदार पुरावा आहे. ईएसईवाल्यांचं म्हणणं होतं की डम्बलडोर भाबडे, त्यांना गंडवलं. पण गंडलेला माणूस थांबत नाही. त्याला जे माहीत असतं ते तो लगेच सांगून मोकळा होतो. थांबतो तो ज्याच्याकडे दुसरं कारण आहे आणि ते सांगायची मुभा नाही. पस्ताव्याची गोष्ट हेच खरं कारण असतं, तर ती सांगून झालीच होती, मग ठरवायचं काय उरलं होतं? मी हे तेव्हा टिपलं होतं, डावीकडच्या पानावर, पण त्याला जेवढं वजन द्यायला हवं होतं तेवढं दिलं नाही.

दुसरा पुरावा सहाव्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणातला. इथे हॅरी नाहीच. नार्सिसा आणि बेलाट्रिक्स या दोघी बहिणी स्नेपच्या घरी येतात. बेलाट्रिक्सचा त्याच्यावर काडीचा विश्वास नाही, ती एकामागून एक प्रश्न टाकते: डार्क लॉर्ड पडले तेव्हा तू कुठे होतास, त्यांना शोधलं का नाहीस, परीस मिळवताना त्यांच्या आड का आलास, ते परत आल्यावर लगेच का हजर झाला नाहीस, पॉटर अजून जिवंत का, मंत्रालयातल्या लढाईच्या वेळी कुठे होतास. स्नेप प्रत्येकाला पटेलसं उत्तर देतो. पहिल्या वाचनाला माझी छाती दडपली होती, कारण ही वाचकांचीच यादी होती. आपण ज्यावरून त्याला चांगला ठरवत होतो, त्या एकेका गोष्टीला त्याने दुसरा अर्थ लावून दाखवला.

पण यादीत एक प्रश्न नाही. पाचव्या भागात, जादूच्या मंत्रालयाने शाळेवर बसवलेल्या अम्ब्रिजच्या खोलीत पकडलेला हॅरी स्नेपला सांकेतिक भाषेत ओरडून सांगतो की सिरियसला, म्हणजे हॅरीच्या धर्मपित्याला, पकडलंय. स्नेप ‘काही कळलं नाही’ असा चेहरा करून निघून जातो. नंतर डम्बलडोर सांगतात की त्याने आधी सिरियस सुरक्षित असल्याची खात्री केली आणि हॅरी जंगलातून परतला नाही तेव्हा डम्बलडोरच्या गुप्त संघटनेच्या लोकांना मंत्रालयात पाठवलं. ते लोक पोचले म्हणून व्होल्डेमॉर्टचा बेत फसला आणि डझनभर डेथ ईटरपैकी बहुतेक सगळे पकडले गेले. बेलाट्रिक्स हे विचारत नाही, कारण तिला हे माहीतच नाही. आणि स्नेपही सांगत नाही.

दुहेरी हेराच्या बाबतीत नेहमीची अडचण अशी की त्याचं कुठलंही चांगलं कृत्य हे सोंग टिकवण्यासाठी असू शकतं. म्हणून शोधायचं असतं ते असं कृत्य, जे केलं नसतं तरी कोणी बोट दाखवलं नसतं, आणि ज्याचा तोटा दुसऱ्या धन्याला खरोखर बसला. इथे स्नेप गप्प बसला असता तर ‘पॉटर काय बरळत होता मला कळलं नाही’ एवढं सांगून तो सुटला असता. साक्षीला अम्ब्रिज होतीच. तरी त्याने निरोप दिला. ईएसईवाले म्हणत, त्याने मुद्दाम उशीर लावला. लावला असेलही. पण पूर्ण गप्प बसणं फुकट होतं, आणि निरोप देणं व्होल्डेमॉर्टला फार महाग पडलं.

आता मनोरा. तिथलं एक पान मी नवोदित लेखकांना वाचायला देते आणि सांगते, जिथे जिथे शब्दाला कर्म नाही तिथे रेघ मारा. डम्बलडोर म्हणतात, ‘सेव्हरस… प्लीज…’ प्लीज काय? मारू नकोस? की मार? याआधी सहा भागांत या माणसाने शुद्धीवर असताना कोणापुढे याचना केलेली नाही, आणि इथे करतो तर ती अर्धी तोडलेली. त्याच भागात आधी शाळेच्या रखवालदाराने, हॅग्रिडने, जंगलाकडेला ऐकलेलं भांडण आहे: स्नेप डम्बलडोरना म्हणत होता की तुम्ही फारच गृहीत धरता, मला हे आता करायचं नाही. ‘हे’ म्हणजे काय? हेरगिरी, की आणखी काही? एका पुस्तकात, एकाच जोडीच्या तोंडी, दोन वाक्यं आणि दोन्हींतलं नेमकं नाम गायब. निष्काळजी लेखकाच्या हातून असं एकदा होतं. दोनदा झालं की ते योजलेलं असतं. आणि दोन्ही रिकाम्या जागांत एकच शब्द बसवून बघा, ‘मारणं’. चपखल बसतो.

याहून बारीक खूण एक प्रकरण मागे आहे. गुहेत डम्बलडोर हॅरीकडून आधीच वचन घेतात की मी सांगेन ते करायचं, आणि मग ते विष पेलापेलाने आपल्याला पाजायला लावतात. हॅरी पाजतो. त्या वेळी त्याच्या मनात काय आहे? स्वतःबद्दलचा तिरस्कार आणि आपण करतोय त्याची किळस. पान उलटत मनोऱ्यावर या. स्नेप छडी उगारतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय कोरलेलं आहे? किळस आणि तिरस्कार. हॅरी बघतोय, म्हणून आपण समजतो हा तिरस्कार डम्बलडोरबद्दलचा. पण नुकतंच आपण तेच दोन भाव एका आज्ञाधारक मुलात, आतून, पाहिलेले असतात. लेखिकेने मनोऱ्याचा प्रसंग आदल्या प्रकरणात हॅरीला घेऊन रंगीत तालमीसारखा करून घेतला आहे. डीडीएमवाल्यांपैकी ज्यांनी हे दोन उतारे शेजारी ठेवले, त्यांना मटका लागला असं मी कधीही म्हणणार नाही. तो अभ्यास होता. मी ती दोन्ही प्रकरणं चार-पाच वेळा वाचली होती आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण गुहेत मी विषाचं काय होणार यात अडकले होते आणि मनोऱ्यावर रडत होते.

पळून जातानाच्या स्नेपवरही बरंच लिहिता येईल. एवढंच सांगते की हॅरी त्याच्यावर मंत्रामागून मंत्र सोडतो आणि तो ते परतवत परतवत, तोंड बंद ठेवायला आणि मन मिटायला शिकला नाहीस तोवर असंच होणार, असं त्याला सुनावतो. टोमणा आहे, आणि त्याच वेळी तो शेवटचा तास आहे. कुठल्या खुन्याला पळता पळता शिकवायची हुक्की येते?

मग मी ओएफएचमध्ये काय करत होते? त्या अभंग शपथेपायी. दुसऱ्याच प्रकरणात नार्सिसा स्नेपकडून तीन गोष्टींची शपथ घेते: माझ्या मुलावर, ड्रेकोवर, लक्ष ठेव, त्याला जपायचा प्रयत्न कर, आणि व्होल्डेमॉर्टने सोपवलेल्या कामात (म्हणजे डम्बलडोरना मारण्यात, हे पुढे कळतं) तो अपयशी ठरतोय असं दिसलं तर ते काम तू पूर्ण कर. शपथ मोडली तर मरण. तिसऱ्या कलमाला स्नेपचा हात किंचित हलतो. माझा युक्तिवाद असा होता की डम्बलडोरचा माणूस असलं वचन देणारच नाही, आणि व्होल्डेमॉर्टच्या माणसाला ते द्यायची गरजच नाही. फुशारकी मारता मारता स्वतःच्याच जाळ्यात अडकणारा, दोन्हीकडून अंग राखणारा माणूसच हे करेल. आज वाचतानाही तो युक्तिवाद मला देखणा वाटतो. चूक एवढीच की मी विचारलं, ‘या शपथेने त्याला मिळालं काय?’ विचारायला हवं होतं, ‘जे करायची शपथ घेतली ते करायचं आधीच ठरलेलं असेल तर?’ तसं असेल तर शपथेने नवं ओझं काहीच येत नाही, उलट बेलाट्रिक्सचं तोंड बंद होतं.

आणि ते आधीच ठरलेलं असू शकतं, याची खूण लगेच पुढच्या, तिसऱ्या प्रकरणात होती. डम्बलडोर हॅरीला न्यायला येतात तेव्हा त्यांचा एक हात काळा पडून वाळलेला आहे. पुढे ते सांगतात की एका अंगठीच्या शापातून स्नेपने वेळेवर केलेल्या उपायामुळे ते वाचले. पण हात काही बरा होत नाही. यावरून काही वाचकांनी पहिल्या भागातलं एक वाक्य उकरून काढलं. अगदी पहिल्या तासाला स्नेप वर्गात सांगतो की मी तुम्हाला मृत्यूलाही बूच मारायला शिकवू शकतो. त्यांचा तर्क: डम्बलडोर उसन्या वेळेवर जगताहेत, स्नेपने त्यांच्या मृत्यूला बूच मारून ठेवलंय, आणि मनोऱ्यावर ते फक्त काढलं गेलं. सातव्या भागात कळलं ते याच्या फार जवळचं होतं. स्नेपने शाप हातापुरता अडवला होता, फार तर वर्षभरासाठी. आणि ड्रेकोचा आत्मा फाटू नये, आपलं मरण आपल्या मर्जीने व्हावं, म्हणून डम्बलडोरनीच स्नेपला गळ घातली होती. बुचाचा तर्क पहिल्यांदा वाचला तेव्हा मी हसले होते. शपथ दुसऱ्या प्रकरणात, काळा हात तिसऱ्यात, आणि मला दोन्ही शेजारी शेजारी दिसत नव्हते.

हेतूचा प्रश्न थोडा वेगळा. पहिल्या भागात डम्बलडोरनीच एक कारण दिलं होतं: हॅरीच्या वडिलांनी, जेम्स पॉटरने, स्नेपचा जीव वाचवला होता, ते ऋण त्याला डाचतं. बरेच जण त्यावरच थांबले. पण चर्चांमध्ये हॅरीच्या आईवरच्या, लिलीवरच्या, प्रेमाचा तर्कही जुना होता. त्याला ‘लॉलीपॉप्स’ असं आद्याक्षरी नाव होतं आणि नावाप्रमाणेच त्याची टिंगल व्हायची. माझाही नाकमुरडेपणा होता. खलनायक दिसला की त्याला प्रेमभंग चिकटवायचा, हे मी हस्तलिखितांत इतकं पाहिलेलं आहे की खरं असलं तरी मान्य करवत नाही.

तरी खुणा होत्या. पाचव्या भागाच्या दुसऱ्या प्रकरणात पेट्युनियामावशीच्या तोंडून निघून जातं की डिमेंटरांबद्दल, म्हणजे जादूच्या तुरुंगाच्या पहारेकरी पिशाच्चांबद्दल, तिने कधीकाळी ‘त्या भयंकर मुलाला’ आपल्या बहिणीशी बोलताना ऐकलं होतं. हॅरी चिडून म्हणतो, माझ्या आईवडिलांबद्दल बोलायचं तर त्यांची नावं घे. मावशी त्याच्याकडे लक्ष देत नाही. बस. ‘तो मुलगा म्हणजे जेम्स’ हे हॅरीने ठरवलं. मावशी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. आपणही हॅरीच्या मागोमाग गेलो. तो मुलगा स्नेप होता, हे कळायला सातव्या भागाचं ३३वं प्रकरण यावं लागलं.

सहाव्या भागात तर नियमच मांडून ठेवलेला आहे: खोलवरच्या भावनेने माणसाचा पॅट्रोनस, म्हणजे मंत्राने उमटणारा रक्षक प्राणी, बदलू शकतो. टॉन्क्स या जादूगारणीचा बदलतो, आणि तिच्या नव्या पॅट्रोनसला ‘दुबळा दिसतो’ म्हणून हिणवणारा कोण, तर स्नेप. ज्याचा स्वतःचा पॅट्रोनस लिलीच्या पॅट्रोनससारखीच हरिणी आहे आणि तो आपण अजून पाहिलेला नाही. हे मात्र आधी ओळखणं कोणाच्याही बापाला शक्य नव्हतं, म्हणून मी हेतूबद्दल अर्धंच म्हणते. प्रेम आहे इथपर्यंत अंदाज जात होता. ते इतकं एकमार्गी, इतकं न बदललेलं असेल, हे नाही.

इथे मला नेहमी शल्य आठवतो. वाटेत दुर्योधनाचा पाहुणचार घेतला म्हणून तो कौरवांकडून लढला, आणि युधिष्ठिराला दिलेल्या शब्दाखातर कर्णाचा सारथी होऊन त्याचा तेजोभंग करत राहिला. दोन्ही शब्द पाळले आणि शेवटी युधिष्ठिराच्याच हातून मेला. शल्याची निष्ठा कोणाकडे, असा प्रश्न विचारला तर उत्तर देता येतं. शल्य चांगला होता का, असं विचारलं की सभेत शांतता पसरते.

स्नेपचंही तसंच आहे. तिसऱ्या भागात बोगार्ट, म्हणजे समोरच्याच्या भीतीचं रूप घेणारा प्राणी, समोर आल्यावर हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल याला सगळ्यात भीती कशाची वाटते? व्होल्डेमॉर्टची नाही. आईवडिलांचा छळ करून त्यांना वेड लावणाऱ्यांचीही नाही. आपल्या शिक्षकाची, स्नेपची. तेरा वर्षांच्या पोराला वर्गात घाम फोडणं यात कुठली हेरगिरी होती? ‘सोंग टिकवायला करावं लागत होतं’ असं डीडीएमवाले म्हणत, आणि मला ते कधीच पटलं नाही. सोंगाला तेवढं पुरलं नसतं का, एवढी चव घेऊन करायची काय गरज? त्याने व्होल्डेमॉर्टकडे जीवदान मागितलं तेही फक्त लिलीसाठी. नवरा आणि तान्हं मूल मेलं तर त्याची ना नव्हती. त्यावर डम्बलडोरनाही त्याची शिसारी येते. रोलिंग यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे लिहिलं त्याचा आशय असा की त्याला संत करता येत नाही, कारण तो डूख धरणारा आणि पोरांना छळणारा होता. आणि सैतानही करता येत नाही, कारण जादूचं जग वाचवताना तो मेला. जिंकलेल्या डीडीएमवाल्यांनी सातव्या भागानंतर ‘म्हणजे तो चांगलाच होता’ असं म्हणायला सुरुवात केली, तेव्हा ते रश्दींच्याच पोकळ पायरीवर उलट्या बाजूने चढत होते. हॅरीने पुढे आपल्या मुलाला त्याचं नाव दिलं, तो हॅरीचा प्रश्न. नेव्हिलला विचारलं असतं तर काय म्हणाला असता, कोण जाणे.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. त्याच ३३व्या प्रकरणात डम्बलडोर स्नेपला सांगतात की योग्य वेळ आली की हॅरीला मरावं लागेल. स्नेप सुन्न होतो. त्याने इतकी वर्षं खोटं बोलून, जीव धोक्यात घालून ज्या मुलाला जपलं, तो मुलगा कत्तलीसाठी पोसलेल्या डुकरासारखा वाढवला जात होता, असं तो म्हणतो. निष्ठावान नोकराला धन्याने मुख्य गोष्टच सांगितलेली नव्हती. २००७ मध्ये ते वाचून मी वही काढली. स्नेपच्या नावाने दोन्ही बाजू भरलेल्या होत्या, उजवीकडे अकरा मुद्दे, डावीकडे नऊ. डम्बलडोरच्या नावाचं पानच नव्हतं.